सात नंबरची नळी

रजनी पिदूरकरच्या पत्रकाला एकाहत्तर दाब आला.

पत्रक दहा ओळींचं होतं. धामणझरीच्या सार्वजनिक वाचनालयात, वर्तमानपत्रांच्या टेबलावर बसून तिनं ते तीन दिवस खपून लिहिलं होतं. छपाईआधी ते ‘पारख’मधून काढणं कायद्यानं बंधनकारक होतं. यंत्रानं चार सेकंद घेतले आणि पडद्यावर तिची वाक्यं रंगवून परत दिली. ‘आपली लेकरं या बांधाच्या पायथ्याशी झोपतात’ या वाक्याखाली तांबडी रेघ होती आणि खूण होती, भीती. ‘पावसाळ्याला सहा आठवडे उरले आहेत’ याला घाई. ‘आज गप्प बसलो तर उद्या बोलायला कोणी उरणार नाही’ याला भीती, घाई आणि टोकाचा पर्याय, अशा तीन खुणा एकदम.

तिसऱ्या वाक्याचं तिला काही वाटलं नाही. ते लिहितानाच तिला ठाऊक होतं की आपण डाव टाकतो आहोत. पण पहिली दोन वाक्यं म्हणजे नुसती वस्तुस्थिती होती. खालटोल्यात, गावाच्या खालच्या वस्तीत, चोपन्न घरांत लेकरं होती, ती रात्री झोपत होती, आणि वीज प्रकल्पाच्या राखतलावाचा बांध तिथून तीनशे मीटरवर होता. कॅलेंडर भिंतीवर होतं. सहा आठवडे कोणालाही मोजता आले असते.

प्रकल्पाचं पत्रक तिच्यासमोरच पडलं होतं. गुळगुळीत कागद, निळा मथळा, वरच्या कोपऱ्यात आकडा. तीन.

जाहीर आवाहन कायदा येऊन तीन वर्षं झाली होती. बंदी कशावरच नव्हती. पत्रक असो, फलक असो, माइकवरचं भाषण असो, त्यावर दाबाचा आकडा दिसला पाहिजे, एवढंच. पन्नासच्या वर गेलं की तांबडी पट्टी. पुढचं लोकांनी आपापलं ठरवायचं. आणि लोकांनी ठरवलं होतं. तांबडी पट्टी दिसली की कागद चुलीत जायचा.

पारख खरं-खोटं ओळखत नाही, हे कायद्याच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. ते फारसं कुणी वाचलं नव्हतं. पारख ओळखते ती वाक्याची ढब. नागपूरच्या एका सभागृहात सतरा माणसांनी सहा वर्षं बसून दोन लाख ऐंशी हजार मराठी वाक्यांवर खुणा केल्या होत्या. भीती, घाई, शिक्का मारणं, मोठ्या माणसाचा हवाला, सगळे करतात म्हणून, गोडगोड शब्द. कोणते शब्द कोणाच्या सोबतीनं आले की माणसं कोणती खूण करतात, हे यंत्र त्यातून शिकलं. नवं वाक्य आलं की ते प्रत्येक खुणेची शक्यता काढतं, तिला वजन देतं, बेरीज करून शब्दसंख्येनं भागतं. शून्य ते शंभर.

माणसाच्या मनातला पक्षपात यंत्रात उतरू नये म्हणून एक काळजी घेतली होती. वाक्य कोणी लिहिलं, कुठं छापलं, त्याच्या आगेमागे काय होतं, हे खुणा करणाऱ्याला दाखवायचं नाही. एकच वाक्य, पांढऱ्या पडद्यावर. खुणा आधी चौदा होत्या. ‘अर्धी माहिती’ ही त्यातली एक. ती पहिल्याच महिन्यात रद्द झाली, कारण समोर एकच वाक्य असताना काय सांगितलेलं नाही हे कोणाला कळणार.

रजनीला हे सगळं पाठ होतं. त्या सतरा माणसांत ती होती.

*

“एकाहत्तर,” वनिता म्हणाली. “त्या सांधेदुखीच्या बाबाच्या तेलाले अडुसष्ट होते, ताई. तू तं त्याच्याही पुढं गेली.”

वनिता लोहे ही रजनीची धाकटी बहीण. खालटोल्यात तिचं घर होतं, बांधाकडून मोजलं तर दुसरं. ती अंगणातल्या बाजेवर कुरड्या घालत होती आणि प्रत्येक फेऱ्यानंतर त्यांच्यावर जुनं पातळ ओढत होती. वारा बांधाकडून असला की राख पडायची.

“आकडा सोड. तू वाचलंस का?”

“कायले वाचू? तूच शिकवलं ना मले. पन्नासच्या वर गेलं का वाचू नको, डोकं खराब होते म्हणे. तुह्या भरवशावर मी दोन विमावाले अन् एक साधू घरातून हाकलले.”

“ते वेगळं होतं.”

“हे काऊन वेगळं? हे तू लिहिलं म्हणून?”

रजनीकडं उत्तर होतं, पण ते तिला देता येत नव्हतं. ते उत्तर आत पंख्याखाली बसून जेवत होतं.

वनिताचा नवरा सुधाकर प्रकल्पावर कंत्राटी कामगार होता. बांधात अकरा नळ्या उभ्या पुरलेल्या होत्या. रोज सकाळी प्रत्येक नळीत टेप सोडायचा, तोंडापासून किती खाली पाणी लागतं ते मोजायचं आणि वहीत लिहायचं, हे त्याचं काम. बांधाच्या पोटात पाणी किती चढलं आहे ते त्यावरून कळतं. पाणी खोल असेल तर बांध घट्ट. दोन मीटरच्या आत आलं तर लगेच कळवायचं, असं त्याला पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

मागच्या पोळ्याला रजनी नागपूरहून आली होती तेव्हा बैलांच्या गर्दीत त्यानं तिला बाजूला घेतलं होतं. सात नंबरच्या नळीत एक मीटर वीसवर पाणी लागलं होतं. त्यानं कळवलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी सांगितलं, सात नंबरची नळी खराब आहे, ती मोजायची नाही. बाकीच्या दहा मोज. “वनिताले सांगू नका ताई, ती झोपणार नाही,” तो म्हणाला होता. “अन् माह्यं नाव कुठं येऊ देऊ नका.”

आता प्रकल्पाला तोच बांध तीन मीटरनं उंच करायचा होता, पावसाळ्याच्या आत, म्हणजे आणखी राख मावली असती. त्यासाठी एक मेच्या ग्रामसभेत गावाची संमती हवी होती. प्रकल्पाच्या पत्रकात नळ्यांचा तक्ता छापला होता. दहा नळ्यांची सरासरी, नोव्हेंबर ते एप्रिल. त्यातला एकही आकडा खोटा नव्हता.

सुधाकर हात धुऊन बाहेर आला. रजनीकडं न बघता म्हणाला, “चहा घेता का ताई?”

“नको.”

“उन्हाचा नको असंन,” वनिता म्हणाली. “पत्रकानंच तापली आहे ती.”

*

संध्याकाळी रजनीनं फरजाना शेखला फोन लावला. सहा वर्षं दोघी शेजारच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. फरजाना आता तिथं देखरेख करत होती.

“लेकरं काढ ना त्यातून,” फरजाना म्हणाली. “लेकरं आणि घर एका वाक्यात आलं की संपलंच. पिदूरकर नियम.”

“काय नियम?”

“अगं, नवीन पोरी त्याला तसंच म्हणतात. तुला माहीत नाही? लेकरू, घर, पाणी, यातले दोन शब्द दिसले की डोळे मिटून भीती. तूच तर काढला होतास.”



प्रत्येक वाक्य दोघींनी स्वतंत्रपणे वाचायचं अशी पद्धत होती. खुणा जुळल्या तर वाक्य पुढं जायचं, नाही जुळल्या तर तिसऱ्याकडं. भिंतीवर प्रत्येक जोडीची एकमताची टक्केवारी लागायची. रजनी-फरजानाची चौऱ्याहत्तर होती, सगळ्यांत खाली. ‘लेकरांना उकळलेलंच पाणी द्या’ हे वाक्य भीती घालतं की सल्ला देतं, यावर दोघी अर्धा तास भांडल्या होत्या. तेव्हा एका दुपारी, डबा खाताना, रजनीनं हा नियम सुचवला होता. विचार करायचा नाही, शब्द मोजायचे. महिन्याभरात त्यांचं एकमत त्र्याण्णव टक्क्यांवर गेलं. बाकीच्या जोड्यांनीही नियम उचलला. दिवाळीत त्या दोघींना प्रमाणपत्र मिळालं, निकोप आणि सातत्यपूर्ण कामाबद्दल.

“फरजाना, तो नियम चुकीचा आहे.”

“मला काय सांगतेस? दुरुस्तीचा अर्ज भर. समिती बसते, नमुने मागवते, सहा महिने धर.”

“सहा आठवड्यांत पाऊस आहे.”

“हे वाक्य लिहू नकोस,” फरजाना म्हणाली. “घाई लागेल.” मग थोडं थांबून, “सॉरी. सवय झालीय गं.”

रजनीनं पत्रक पुन्हा लिहायला घेतलं. लेकरं काढली, चव्वेचाळीस. पावसाळा काढला, एकतीस. ‘आपला’ हा शब्द चार ठिकाणी होता, तो काढल्यावर एकोणीस. शेवटी हाती राहिलं ते असं: ‘राखतलाव क्रमांक दोनच्या बांधाची उंची वाढवण्याच्या प्रस्तावाबाबत पावसाळी महिन्यांतील पाणीपातळीच्या नोंदी उपलब्ध नाहीत.’ दाब नऊ. हे पत्रक तिनं चोपन्न घरांत स्वतः वाटलं. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानदारानं त्यात फुटाणे बांधून दिले. ते खाणाऱ्या माणसाला तिनं विचारलं, वाचलं का. तो म्हणाला, “प्रकल्पाचंच आहे ना? वाचलं. ठीक आहे.”

*

एक मेला झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या मंडपात ग्रामसभा भरली. सरपंच मोरेश्वर कुचनकर मधोमध बसले. त्यांच्या बाजूला प्रकल्पाचे जनसंपर्क अधिकारी प्रफुल्ल देवतळे होते. माइकशेजारी दाबाचा पडदा लावला होता आणि बोलेल त्याचा आकडा त्यावर खालीवर होत होता.

देवतळे बारा मिनिटं बोलले. त्यांनी कोणाला घाबरवलं नाही, कोणाला हिणवलं नाही, रोजगाराचा उल्लेखही केला नाही. तक्ता वाचला आणि खाली बसले. आकडा तीनच्या वर गेला नाही. रजनीनं मनातल्या मनात त्यांच्या प्रत्येक वाक्यावर खूण शोधली. तिलाही एक सापडली नाही. जुन्या कामावर असती तर तिनं या माणसाला पैकीच्या पैकी दिले असते.

ती माइकपाशी गेली.

“देवतळे साहेब, तक्ता नोव्हेंबर ते एप्रिलचा आहे. जुलै ते ऑक्टोबरचे आकडे कुठं आहेत?”

पडदा बावीसवर गेला. सूचक प्रश्न.

“आमच्या तांत्रिक विभागाकडं आहेत, ताई. लेखी मागणी केल्यास पंधरा दिवसांत देऊ,” देवतळे म्हणाले. शून्य.

“मतदान आज आहे.”

सदतीस.

“आणि नळ्या अकरा आहेत. सरासरी दहाची का काढली?”

“एक नळी नादुरुस्त आहे. तीही लेखी कळवू.” शून्य.

“नादुरुस्त की तिच्यात पाणी चढलं होतं?”

बोलता बोलता तिची नजर मंडपाच्या डाव्या कोपऱ्याकडं गेली. सुधाकर तिथं उभा होता. क्षणभरच गेली, पण देवतळेंचीही तिच्यामागं गेली. सुधाकरनं मान खाली घातली. रजनीनं तोंडात आलेला आकडा गिळला.

पडदा अठ्ठावन्न दाखवत होता. मागून कोणीतरी म्हणालं, “आलं तांबडं.” थोडे लोक हसले.

“मी एक सांगते,” रजनी म्हणाली. “हे यंत्र शिकवायला मी होते. लेकरू आणि घर म्हटलं की ते भीती म्हणतं, ते खरंखोटं तपासून म्हणत नाही. तो नियम माझा आहे. मी तो काम लवकर उरकावं म्हणून केला होता. माझी चूक झाली.”

पहिल्यांदाच लोक तिच्याकडं बघत होते, पडद्याकडं नाही. मग एकेक मान वळली. पडद्यावर एक खूण उमटली होती. प्रांजळपणाचा दाब, चौसष्ट.

“ताई, वेळ झाली,” सरपंच म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता. “तुमचा मुद्दा आला लक्षात. पण तुमच्यापेक्षा साहेब शांतपणे बोलले, हे तुम्हीही मान्य करान.”

हात वर झाले. बाजूनं दोनशे चौदा, विरोधात एकशे एकतीस. खालटोल्यातले निम्मे हात बाजूनं होते. वनिताचा हात दोन्ही वेळा मांडीवरच होता.

*

“तू त्यायच्याकडं पाहिलं,” वनिता म्हणाली. ग्रामसभेहून तिघं एकमेकांपासून अंतर ठेवून चालत आली होती आणि घरात शिरल्यावरचं तिचं हे पहिलं वाक्य होतं. “भर मांडवात. त्या देवतळेनं पाहिलं, मीही पाहिलं. काऊन पाहिलं?”

सुधाकर दारातच चपला काढत होता. तेवढ्या कामाला त्याला फार वेळ लागत होता.

“मले कोणी सांगणार आहे का?”

“वनिता...” रजनीनं सुरुवात केली आणि थांबली. जे वाक्य डोक्यात येत होतं त्याच्यावर आधीच खूण होती. लेकरांचा विचार कर, भीती. मी तुझी बहीण आहे, आपुलकीचा दाब. आता वेळ नाही, घाई. सहा वर्षं दुसऱ्यांच्या वाक्यांवर रेघा मारून तिला स्वतःचं एकही वाक्य कोरं सापडत नव्हतं. तिला स्वतःचाच राग आला.

वनितानं तिची वाट पाहिली नाही. ती नवऱ्याकडं वळली. “त्या नादुरुस्त नळीत पावसात पाणी किती होतं?”

सुधाकर चपला हातात घेऊन उभा राहिला. “एक मीटर वीस.”

“अन् किती पाहिजे?”

“दोनपेक्षा खोल.”

“केव्हाचं माहीत आहे तुमाले?”

“ऑगस्टपासून.”

वनिता खाली बसली. मग तिनं विचारलं, “अन् आता त्याच्यावर तीन मीटर चढवतीन?”

“हो.”

ती उठली, कपाट उघडलं आणि शाळेचे दाखले, रेशनकार्ड, घराचे कागद असं एकेक काढून पलंगावर ठेवायला लागली. कागदांची चळत ती सरळ लावत होती.

“तुह्याकडं नागपूरले दोन खोल्या आहेत ना, ताई?”

“आहेत.”

“पाऊस संपेपर्यंत. मग पाहू.”

शेजारच्या इंदूबाई कुरड्यांचं पातळ उडालं हे सांगायला आल्या आणि पलंगावरचे कागद बघून दारातच थांबल्या. वनितानं त्यांना आकडा सांगितला. एक मीटर वीस, दोन पाहिजे. इंदूबाईंनी तो ऐकला, सुधाकरकडं पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरून त्यांना जे समजायचं ते समजलं.

“खरं का लोहेभाऊ?”

“माह्यं नाव घेऊ नका, वहिनी,” सुधाकर म्हणाला. “लोन आहे घरावर. काम गेलं तं...”

“नाही घेत. पण मग सांगू कोणाच्या नावानं? त्या लाइनीतले सगळे उठले पाहिजे ना? कोणी तरी म्हणून राहिलं, असं सांगितलं तं हसतीन लोकं मले.”

त्यांचं बरोबर होतं. तशा सांगण्यालाही खूण होती, निनावी हवाला, आणि तिचं वजन मोठं होतं. खुणा ठरवताना रजनीनंच त्यासाठी आग्रह धरला होता. ज्याच्यामागं माणूस उभा नाही ते वाक्य पुढं जाता कामा नये, असं तिनं बैठकीत ठासून सांगितलं होतं. आजही तिचं मत तेच होतं.

“माझ्या नावानं सांगा,” ती म्हणाली.

“तुमच्या?”

“मागच्या पोळ्याला मी इथं आले होते. तलावाच्या कुंपणात शिरून मी स्वतः सात नंबरच्या नळीत टेप सोडला. एक मीटर वीसवर पाणी लागलं.”

दूध किती घ्यायचं ते सांगावं तशा आवाजात तिनं हे सांगितलं. कोणाला घाबरवलं नव्हतं, घाई केली नव्हती, विशेषण नव्हतं. जागा, वेळ, आकडा आणि सांगणाऱ्याचं नाव. कोणत्याही पडद्यासमोर त्या वाक्याला शून्य आला असता.

“असं तं मग तुम्ही मांडवात काऊन नाही सांगितलं?” इंदूबाई म्हणाल्या.

“कुंपणात शिरणं गुन्हा आहे. भ्याले.”

“हाव,” इंदूबाई म्हणाल्या. हे त्यांना लगेच पटलं. त्यांनी पदर खोचला आणि निघाल्या.

त्या फाटकाबाहेर गेल्या. मग वनिता म्हणाली, “पोळ्याच्या दिवशी तू दिवसभर माह्यासोबत पुरणपोळ्या लाटत होती.”

“ते तुला माहीत आहे.”

“अन् कुंपण कुठं फुटलं आहे तेही तुले माहीत नाही. पोलीस आले तं काय सांगशीन?”

“म्हणूनच विचारते आहे,” रजनी म्हणाली आणि सुधाकरकडं वळली. “सुधाकरराव, आत जायचं कुठून?”

सुधाकरनं तिच्याकडं पाहिलं. मग त्यानं चपला खाली ठेवल्या आणि उकिडवा बसून फरशीवर बोटानं रेघ ओढली. “हा दक्षिणेचा कोपरा. इथं मोहाचं झाड आहे, त्याच्यामागं तार ढिली आहे. वाकून जा लागते. तिथून सरळ गेलं का पाच नंबर लागते. सहा सोडायची. सातच्या झाकणाले पिवळा रंग आहे.”

“पिवळा,” रजनी म्हणाली. “टेप कुठला?”

“तीस मीटरचा. खाली पितळी वजन आहे. पाण्याले लागलं का टप् असा आवाज येते.”

ती शब्द न शब्द मागून म्हणत होती. बाहेर गल्लीतून इंदूबाईंचा आवाज पुढं पुढं जात होता. रजनीताईनं सोता मोजलं. पहिल्या घरी एक मीटर वीस होतं. तिसऱ्या घरी ताईंनी दोनदा मोजलं होतं. त्याच्याही पलीकडं, जिथून शब्द अर्धेच ऐकू येत होते, तिथं पाणी एक मीटरवर आलं होतं.

आकडा चुकला होता. रजनी तो दुरुस्त करायला उठली आणि दारापर्यंत गेली. समोरच्या घरातून दोन बाया एक लोखंडी पेटी ओढत ओट्यावर आणत होत्या. त्यांतली एक तीच होती, जिनं सकाळी मंडपात प्रकल्पाच्या बाजूनं हात वर केला होता.

रजनी परत आत आली आणि फरशीवर सुधाकरसमोर बसली.

“मोहापासून पाच नंबरपर्यंत,” ती म्हणाली, “किती पावलं?”